तिप्पटकाकांचा हात

तिप्पटकाकांना खरं नाव होतं आणि ते औषधांच्या दुकानातल्या परवान्यावर काचेच्या चौकटीत लावलेलं होतं. पण रविवारी दुपारी त्यांच्याकडे पोकर शिकायला जाणारे आम्ही दोघं, म्हणजे मी आणि कोपऱ्यावरचा शिंपी, त्यांच्या पाठीमागे त्यांना तिप्पटकाकाच म्हणायचो. तोंडावर नुसतं काका. माणूस बुटका, मान ताठ, नाकावर माशी बसू न देणारा, आणि खिशाला कायम दोन पेनं. दुसरं पेन कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पहिलं कोणीतरी मागतं म्हणून."

चाळीस वर्षं ते दुकानाच्या मागच्या खोलीत औषधं बनवत होते. पुढच्या काउंटरवर तयार औषधं विकायला इतर माणसं होती. मागे काका त्वचेची मलमं घोटायचे आणि मुख्य म्हणजे तान्ह्या मुलांच्या पुड्या बांधायचे. फेफऱ्यावरची एक गोळी फक्त मोठ्यांच्या मापाची मिळते. सहा महिन्यांच्या बाळाला त्यातला छोटासा हिस्सा द्यायचा तर गोळ्या कुटायच्या, त्यात दुधाच्या साखरेची भुकटी घालायची आणि सगळ्याच्या सारख्या पुड्या करायच्या. त्या हातावर कितीतरी घरची बाळं विसंबून होती. त्या हाताचं माप बिघडलंय हे सगळ्यांत आधी मला कळलं आणि मी ते सांगितलं नाही. ही हकिगत काकांची आहे, पण हे एवढं माझं आहे, ते आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे मी शहाणी वाटेन.

मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. समोरच्याला नीट दिसत नाही हे त्याच्या आधी ओळखायचं, याचाच मला पगार मिळतो. काकू चष्मा करायला आल्या तेव्हा ओळख झाली. काच बसेपर्यंत बसल्या बसल्या त्यांनी सगळं विचारून घेतलं. मी एकटी राहते, रविवारी काय करते, तर काही नाही. "मग या की आमच्याकडे," त्या म्हणाल्या. "आमचे हे सुट्टीच्या दिवशी माझं डोकं खातात. चौथं माणूस मिळालं तर पत्ते तरी खेळतील." तिसरा माणूस म्हणजे शिंपी. तो काकांच्या पँटी उसवून उसवून शेवटी शिष्य झाला होता.

मी आयुष्यात काही जिंकले नव्हते. शाळेत लिंबू-चमच्यातसुद्धा माझं लिंबू सुरुवातीलाच पडलं. लग्न मोडलं तेव्हा नवऱ्याने घर ठेवलं आणि मी इस्त्री घेऊन निघाले, तीही दुसऱ्या महिन्यात जळाली. त्यामुळे पत्त्यांत मला गोडी लागेल असं मला वाटलं नव्हतं. पण लागली.

काकांच्या जेवणाच्या टेबलावर पैसे कधीच आले नाहीत. औषधांच्या बाटल्यांची पांढरी झाकणं होती, प्रत्येकाला शंभर. सुरुवातीचे दोन रविवार त्यांनी आम्हाला खेळूच दिलं नाही. नुसती पानं वाटायची, बघायची आणि विचारायचं, ही ठेवायची की टाकायची?

"खेळ सोपा आहे," ते म्हणाले. "प्रत्येकाला दोन पानं, झाकलेली. पुढे टेबलावर पाच पानं उघडतील, ती सगळ्यांची. पण ती उघडायच्या आधीच निम्मा खेळ होऊन जातो. या दोन पानांवर तुम्ही आत जाता की नाही आणि जाता तर किती झाकणं घेऊन जाता, एवढंच मी शिकवणार. बाकीचं तुमचं तुम्ही शिकाल."

औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यांनी एक तक्ता केला होता. सगळ्या जोड्या ठेवायच्या. एक्क्याबरोबर मोठं चित्र असेल तर ठेवायचं. राजा-राणी ठेवायची. एकाच रंगाची लागोपाठची पानं कधी ठेवायची, कधी नाही. आणि बाकी सगळी टाकायची, तोंड वाकडं न करता. सत्ती आणि दुर्री वेगळ्या रंगांची आली तर ती बघण्यातसुद्धा वेळ घालवायचा नाही. शेवटी बोलायची पाळी असेल तर जरा सैल हाताने खेळायचं, कारण तोपर्यंत बाकीचे काय करतात ते कळलेलं असतं. पहिलं बोलायचं असेल तर मात्र चांगलीच पानं हवीत. "नवशिक्याचा पहिला रोग कुठला? त्याला टाकवत नाही. आलीच आहेत तर बघू, म्हणतो. बघू म्हणणाऱ्याची झाकणं सगळ्यांत आधी संपतात."

काकूंना हा तक्ता मान्य नव्हता. राणी आली की त्या आत जायच्याच, बरोबर तिर्री असली तरी. "बाईमाणसाला अशी बाहेर कशी काढू?" म्हणायच्या. काका कपाळाला हात लावायचे आणि चारांतून एकदा काकूच जिंकायच्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरात अबोला.

त्यांचा खरा धडा मात्र दुसरा होता, आणि त्यावरूनच त्यांना नाव पडलं. दर डावाला पाळीपाळीने दोघांना सक्तीची झाकणं ठेवावी लागतात, एकाला एक आणि दुसऱ्याला दोन. आत जायचं तर काका म्हणायचे, त्या दोनाची तिप्पट. सहा. कोणी आधीच नुसती दोन टाकून आत बसला असेल तर त्याच्यापायी आणखी दोन. बस. हातात दोन एक्के असोत नाहीतर पंज्यांची जोडी असो, सहा म्हणजे सहा.

"काका, एक्के असताना जास्त का नाही लावायची?" शिंप्याने विचारलं. प्रश्न माझ्याही मनात होता, पण बावळट दिसायला मी त्याला पुढे केलं.

"तू गिऱ्हाइकाला कापड दाखवताना महाग कापडावर हळूच हात फिरवतोस का?"

"फिरवतो."

"मग त्याला भाव आधीच कळतो. इथंही तसंच. चांगली पानं आली की नवशिका दहा लावतो, बेताची आली की चार. दोन रविवारांत सगळं टेबल त्याला वाचायला लागतं. दहा म्हटलं की सगळे पळतात, चार म्हटलं की सगळे अंगावर येतात. स्वतः मात्र म्हणतो, नशीब वाईट. पानं काहीही असू देत, हाताने बोलायचं नाही."

हे म्हणताना त्यांनी सहा झाकणं अशी पुढे सरकवली की जणू त्यांना त्यात काडीचा रस नाही. पुढे दीड वर्ष मी तो हात बघितला. सहा म्हणजे सहा. न बघता बोटं सहा उचलायची. मी शिकले, पण बरं खेळणं आणि जिंकणं यात फरक असतो, तो मला दर रविवारी सोसावा लागायचा. काकांसमोर शेवटी झाकणांचा ढीग आणि माझ्यासमोर टेबलाचा सनमायका.

मग एका रविवारी काकांनी आठ लावली. आधी कोणी आत गेलेलं नव्हतं. मला वाटलं, गप्पांमध्ये चुकलं असेल. पुढच्या डावात चार. त्याच्या पुढे पुन्हा सहा. मी त्यांच्या हातावर नजर ठेवली. नंबर काढणाऱ्या बाईची नजर एकदा कशावर बसली की उठत नाही.

पुढच्या रविवारी मी मनातल्या मनात मोजायला लागले. काकांनी चार लावली की शेवटी त्यांची पानं उघडायची ती अठ्ठी-नव्वीसारखी, तक्त्याच्या काठावरची. नऊ-दहा लावली की राजांची जोडी, एक्क्यांची जोडी, एक्का-राजा. जी चूक ते आम्हाला करू देत नव्हते, तीच ते स्वतः करत होते, अगदी पहिल्या दिवशीच्या नवशिक्यासारखी. आणि शिंप्याच्या लक्षात येत नव्हतं, कारण तो स्वतःच्याच पानांकडे बघत बसायचा. काकूंच्या लक्षात आलंय की नाही हे काकूंच्या चेहऱ्यावरून कळणं शक्य नव्हतं.

मग मी जिंकायला लागले.

काकांनी दहा लावली की मी गुलामांची जोडीसुद्धा टाकून द्यायची. चार लावली की माझ्या हातात काही असो नसो, मी चौदा लावायची. ते जरा वेळ बघायचे आणि टाकायचे. संध्याकाळी ढीग माझ्यासमोर. शिंपी म्हणाला, "ताई, तुमचा हात बसला बघा आता." काका म्हणाले, "दीड वर्ष लागलं, पण शिकली हो. बघा, गुलामांची जोडी टाकली हिने. ही टाकायला छाती लागते." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. माझे वडीलही मला कधी असं म्हणाले नव्हते. मी त्या दिवशी घरी चालत गेले, बसची वाट न बघता, आणि वाटेत स्वतःशीच हसत होते. मला आनंद झाला होता, खूप. तो लपवून मी आता चांगली होणार नाही.

असे सात रविवार गेले. त्या सात आठवड्यांत माझ्या मनात शंका आलीच नाही असं नाही. आली की मी तिची समजूत घालायची. काका मुद्दाम करत असतील, नवा डाव शिकवत असतील. वय झालं, जिंकायचा सोस वाढला असेल. आपल्यालाच काय पडलंय, खेळ आहे, झाकणं तर आहेत. समजुती घालण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आठव्या रविवारी काकांनी नऊ ठेवली आणि शिंप्याने सहज विचारलं, "किती आहेत काका?"

"सहा," काका म्हणाले. "कायम किती असतात? सहा."

शिंप्याने सहा टाकली. टेबलाच्या मधोमध काकांची नऊ होती आणि शेजारी शिंप्याची सहा. मी म्हटलं, "काका, जरा मोजता का?"

त्यांनी बोटाने एकेक झाकण सरकवत मोजली. नऊपर्यंत गेले. मग तीन मागे ओढली आणि म्हणाले, "चिकटली असतील." झाकणं चिकटत नाहीत. पुढच्या डावात त्यांनी पुन्हा दहा ठेवली आणि "सहा" म्हणाले.

मोजायला सांगितलं की त्यांना बरोबर मोजता येत होतं. पण न मोजता त्यांना जे सहा वाटत होते ते आता सहा राहिले नव्हते. पानं चांगली असली की हात जड व्हायचा, हलकी असली की हलका, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. ते हे मुद्दाम करत नव्हते आणि मी सात आठवडे एका आजारी माणसाला हरवत होते.

मला वाटलं, डोळे असतील. वाटलं म्हणजे मी देवाकडे मागितलं म्हणा हवं तर. मंगळवारी त्यांना दुकानात बोलावलं, नंबर काढायच्या खुर्चीत बसवलं, दोन्ही डोळे एकेक करून तपासले. सगळ्यात खालची ओळ त्यांनी धडाधडा वाचली. "तुझ्या त्या अक्षरांना काही अर्थ का नसतो गं?" म्हणाले. आहे त्या चष्म्यातून डोळे उत्तम होते. आयुष्यात पहिल्यांदा चांगला रिपोर्ट मला नको होता.

बुधवारी मी कामावरून सुटल्यावर काकूंकडे गेले. काका अजून दुकानातच होते. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी सगळं सांगितलं, झाकणं, चार आणि दहा, डोळे. फक्त किती आठवड्यांपासून ते सांगितलं नाही. काकूंनी एका शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "चहात साखर घालतात ते बघते ना मी. आनंदात असले की चार चमचे, नसले की अर्धा. विचारलं तर म्हणतात, दोनच घातलेत."

"मग काकू, दुकानात..."

"दुकानात तराजू आहे." त्या पटकन म्हणाल्या, जणू हे वाक्य त्यांनी तयारच ठेवलं होतं. "तिथं सगळं वजनावर असतं. तराजू थोडाच विसरतो? हे बघ, तू दुकानाच्या मालकाला काही बोलू नकोस. त्या खोलीतून त्यांना काढलं तर ते घरात बसतील आणि मग फार दिवस बसणार नाहीत. मी डॉक्टरांकडे नेते त्यांना. पुढच्या महिन्यात. माझ्या पद्धतीने."

मी हो म्हटलं. चहा प्यायले आणि बऱ्याच हलक्या मनाने घरी आले. तराजू आहे, झालं तर मग. मूग गिळून बसायला माणसाला फार मोठं कारण लागत नाही.

गुरुवारी मात्र मला राहवेना. सकाळी पायाच्या भेगांचं मलम हवं म्हणून मी औषधांच्या दुकानात गेले. भेगा खऱ्या होत्या, घाई खोटी होती. मालक म्हणाला, "काका मागे आहेत, जा की आत." तो काकांच्या मुलाच्या वयाचा, त्याच्या वडिलांच्या काळापासून काका तिथे. आत काका पांढऱ्या फरशीच्या ओट्यासमोर उभे होते. पुड्याच करत होते. मी दारात थांबले.

त्यांनी कुटलेली भुकटी तराजूवर ठेवली, काटा बघितला, कणभर काढली, पुन्हा बघितला. काकू म्हणाल्या तसंच. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी ती सगळी भुकटी काचेवर ओतली, पात्याने चौकोनी पसरली आणि त्याच पात्याने नुसत्या नजरेने तिचे भाग पाडायला लागले. आधी दोन, मग चार, मग बारीक रेघा. चाळीस वर्षं ते तसेच भाग पाडत आले होते. हल्ली प्रत्येक पुडी वेगळी तोलतात म्हणे, पण काकांच्या नजरेपुढे त्याची गरज कोणाला वाटली नव्हती. तराजू फक्त एकूण तोलत होता. वाटणी हाताने होत होती.

वीस पुड्या झाल्या. कागदाच्या घड्या इतक्या सारख्या की एखाद्या यंत्राला जमणार नाहीत.

"काका," मी म्हटलं, "या पुड्या तोला."

ते वळले. "काय?"

"एकेक तोला. माझ्यासमोर."

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या तोंडावर पाणी फेकलं होतं. "तू मला तपासतेस? माझ्या खोलीत येऊन?"

"हो."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

मला रडू यायला लागलं होतं आणि रडले असते तर त्यांनी मला पाणी देऊन घरी पाठवलं असतं. मी म्हटलं, "काका, तुमच्याच टेबलावर शिकले. शेवटपर्यंत बरोबरीने झाकणं भरली की समोरच्याला पानं उघडावीच लागतात, कितीही मोठा खेळाडू असला तरी. मी भरलंय. आता उघडा."

त्यांनी हातातलं पातं खाली ठेवलं. मग पहिली पुडी त्यांनी स्वतः सोडली. रिकाम्या कागदाचं वजन वजा केलं, भुकटी ठेवली, आकडा वाचला आणि रजिस्टरच्या पाठच्या कोऱ्या पानावर लिहिला. मग दुसरी. मग तिसरी. त्यांचं लिहिणं सरळ आणि स्वच्छ होतं. चौथ्या पुडीला त्यांनी पेन टेकवलं आणि तसंच धरलं. वीसही पुड्या तोलल्या. काही निम्म्या होत्या. काही दीडपट. दोन पुड्या दुपटीच्या जवळ गेल्या होत्या. एकूण बेरीज मात्र अचूक होती, तराजूने ती बरोबरच दिली होती.

"हे बाळ फार आजारी आहे," काका म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते. "आई काल आली होती. रडत होती. सकाळपासून माझ्या डोक्यात तीच होती." मग त्यांनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला. "कधीपासून?"

"काका..."

"टेबलावर तू आधी बघितलं असशील. शिंपी बघत नाही. कधीपासून चुकतोय मी?"

"सात रविवार. हा गेलेला धरून आठ."

त्यांनी मान हलवली. हिशोब त्यांना लगेच जमला. "म्हणून जिंकत होतीस," ते म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण त्यांचा आवाज शिकवतानाचाच होता. "बरोबर आहे. तसंच खेळायचं असतं. समोरचा हाताने बोलायला लागला की त्याचा फायदा घ्यायचा. मीच शिकवलंय."

मग त्यांनी मालकाला हाक मारली आणि वीस पुड्यांचे आकडे त्याच्यासमोर धरले. मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. तो आधी दार लावून आला. मग म्हणाला, "काका, तुम्ही घरी जा. मी बघतो. सगळ्यांना सांगू की कंपनीकडून माल परत मागवलाय, उरलेल्या पुड्या आणून द्या. उगाच कोणाला घाबरवायचं कशाला?"

"जेवढं आहे तेवढंच सांगायचं," काका म्हणाले. "फोन इकडे आण."

रजिस्टरमधून त्यांनी आठ आठवड्यांत पुड्या नेलेल्यांची नावं काढली. अकरा घरं होती. मी बाजूच्या स्टुलावर बसले होते. कोणी मला बस म्हटलं नव्हतं आणि कोणी जा म्हटलं नाही. काकांनी स्वतः एकेक नंबर फिरवला. आधी नाव सांगायचे, दुकान सांगायचे, मग म्हणायचे, "पुड्या मी बांधल्या आहेत आणि त्यांचं माप चुकलं आहे. हातातली पुडी देऊ नका. औषध मात्र एकदम बंद करू नका, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना विचारा, आमचा माणूस नवीन पुड्या घेऊन येतोय." मग विचारायचे, "बाळ कसं आहे?" मालकाने दुसऱ्या दुकानातला मुलगा बोलावून नव्या पुड्या तोलून करून घ्यायची व्यवस्था केली. एवढं त्याने नीट केलं.

सात घरी बाळं ठीक होती. एका घरी एक बाई इतकं ओरडली की स्टुलावर बसूनही मला शब्द कळत होते. काकांनी फोन लांब धरला नाही. दोन घरी फेफरं मध्येच पुन्हा आलं होतं, आईबापांना वाटलं होतं आजारच वाढला.

अकराव्या घरच्या आईने सांगितलं की महिन्यापूर्वी त्यांचं बाळ झोपलं ते उठेना. दूध पिईना, डोळे उघडेना. इस्पितळात आठ दिवस काढले. कारण कोणालाच कळलं नाही. मग हळूहळू शुद्धीवर आलं. आता घरी आहे. पण आधी हाक मारली की मान वळवायचं, आता वळवत नाही. डॉक्टर म्हणतात, थांबून बघू.

काका उभे राहून बोलत होते. "ते माझ्यामुळे झालं," ते म्हणाले. "एखादी पुडी दुपटीची गेली असणार. इस्पितळात जाऊन हे सांगा, कागदावर हवं असेल तर मी लिहून देतो, त्यांना उपचाराला उपयोग होईल." पलीकडून ती बाई ओरडली नाही. तिने फार हळू काहीतरी विचारलं. फोनचा आवाज मोठा होता म्हणून मलाही ऐकू आलं. ती विचारत होती, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? तुमच्याबरोबर कोणी नव्हतं का, ज्याच्या लक्षात आलं असतं?

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नाही," ते म्हणाले. "मी एकटाच असतो इथे."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसले होते. तेव्हा उठून फोन मागता आला असता. नुसतं "मी होते" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? काकांनी त्या बाईचा पत्ता लिहून घेतला, उद्या येतो म्हणाले आणि फोन ठेवला. मी काही बोलले नाही.